मधोमध एक डाग

२ मार्च, रविवार

आज लाज वाटावी असं वागले. वाटलीसुद्धा, पण उशिरा.

सुनेने माझ्यासाठी नवा फोन आणला. ती फोनच्या दुकानात काउंटरवर असते, लग्नाआधीपासून. माझा जुना फोन बोलता बोलता बंद पडतो आणि समोरच्याला वाटतं, मी रागावून ठेवला. बहुतेक वेळा त्याला बरोबरच वाटतं. म्हणून तिने हा आणला. खोकं जेवणाच्या टेबलावर ठेवलं, मुलगा आणि हे खुर्च्या ओढून बसले आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. अशा वेळी माणसाने "अगंबाई, कशाला गं!" एवढंच म्हणायचं असतं. मी म्हटलं, "धुतलेला टॉवेल आण आणि ट्यूबलाइट लाव."

काय करू? सगळी नोकरी कपबशांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर गेली. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप माझ्या हाताखालून जायचा. डावा डोळा मिटायचा, उजव्याने बघायचं: चीर, टाचणीच्या टोकाएवढा टोचा, झिलईतला बुडबुडा. मग लाकडी काडीने टिचकी. खणखणीत वाजला तर पुढे, बद्द वाजला तर पिंपात. तिथे मला दुर्बीणबाई म्हणायचे. हे तोंडावर. पाठीमागे काय म्हणायचे तेही मला माहीत आहे, पण ते लिहीत नाही. निवृत्त झाले तरी समोर काही नवं आलं की डावा डोळा आपोआप मिटतो. सून पहिल्यांदा घरी आली तेव्हाही मिटला होता. तिचं नाक मध्यावर किंचित वाकडं आहे. कुणाला दिसत नाही, मला दिसतं. तेव्हा यांना सांगितलं तर हे म्हणाले, "लग्न काय नाकाशी करायचंय त्याला?"

तर फोन. खोक्याचं सील पाहिलं. खोक्यावरचा नंबर फोनमधल्या नंबराशी जुळवून घेतला. कडांवरून नख फिरवलं, कुठे फट लागत नाही. बटणं डुगडुगत नाहीत. कॅमेऱ्याच्या काचेखाली धूळ नाही. सून हसत होती. "आई, आमच्या दुकानात तुम्हालाच बसवायला हवं," म्हणाली. मग मी तिला स्क्रीन पूर्ण पांढरी करून द्यायला सांगितली.

तर मधोमध डाग. ओला कप उचलल्यावर टेबलावर करडा ठसा राहतो, तसा. फार मोठा नाही, पण आहे.

मुलाने पाहिलं, त्याला दिसला नाही. यांनी चष्मा वर करून, खाली करून पाहिलं. "दुर्बीणबाईंना दिसला म्हणजे असणारच," म्हणाले, पण मुलाकडे बघून हसले. सुनेने फोन खिडकीपाशी नेऊन बराच वेळ न्याहाळला.

"मला नाही दिसत, आई. पण तुम्हाला दिसतोय ना? मग मी उद्या बदलून आणते."

तिने फोन परत खोक्यात बसवला, चार्जरची वायर होती तशी गुंडाळली, झाकण लावलं. एवढं नीट लावलं की मलाच कसंतरी झालं. भेट आणणाऱ्याच्या समोर भेटीची झडती घेतली मी. "छान आहे गं" म्हणून नंतर हळूच सांगता आलं असतं. सुचलं आता, अंथरुणं घालून झाल्यावर. वरातीमागून घोडं.

४ मार्च, मंगळवार

दुसरा फोन आला. डाग आहे. त्याच जागी.

मला यात नवल वाटलं नाही. कारखान्यात एकदा साच्यात कचरा बसला होता, तर सगळ्या खेपेच्या कपांच्या कानांवर एकाच जागी पुळी यायची. हे सुनेला समजावून सांगितलं. म्हटलं, "तुमच्या मालाची अख्खी खेप खराब आहे. साच्यातच घाण आहे, त्याला तू तरी काय करणार?" मी चांगल्या आवाजात बोलत होते. तिच्या बाजूने बोलत होते.

ती म्हणाली, "आई, फोन उलटा धरून बघता का जरा?"

धरला. डाग मधोमधच. मधोमध असलेली गोष्ट उलटी केली तरी मधोमधच राहणार, हे सांगायला मी कशाला हवी!

"आता वरच्या कोपऱ्यात बघा. घड्याळ दिसतंय ना, तिथे. आता डाग कुठे आहे?"

"कोपऱ्यात."

"आणि आता खाली बघा."

"खाली आला. म्हणजे सरकतोय बघ! आत काहीतरी सैल आहे. म्हटलं नव्हतं मी?"

ती माझ्याकडे बघत राहिली, फोनकडे नाही. मग जवळची खुर्ची घेऊन बसली आणि अगदी हळू म्हणाली, "आई, एकदा डोळे दाखवून येऊ या का आपण? मी येते सोबत."

माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते, नाहीतर उद्या मी स्वतःलाच सांगेन की एवढं काही बोलले नव्हते. मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांवर कारखाना चालला. तुझ्या दुकानाचा भंगार माल खपवायला मला आंधळी ठरवू नकोस." आणि वर हेही म्हटलं की घरच्याच माणसाला परत आलेला माल चिकटवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

तिने मान खाली घातली. उलटून एक शब्द नाही. खरी बाजू असती तर बोलली नसती का? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

५ मार्च, बुधवार

घरात कुणी कुणाशी बोलत नाही. सून सकाळी सांगून गेली तेवढंच, "आई, येते." मुलाने चहा अर्धा ठेवला. जाताना दारात चपला घालत म्हणाला, "आई, तिने तुझ्यासाठी मालकाच्या मागे लागून तो रंग राखून ठेवायला लावला होता. तुला निळा आवडतो म्हणून."

मला हे माहीत नव्हतं. माफी मागायला हवी होती, मी त्याची कपबशी उचलून विसळली.

८ मार्च, शनिवार

आज मी त्या दुकानात गेले. कुणाला न सांगता. यांना म्हटलं, भाजी आणायला जाते, आणि पिशवीत फोनचं खोकं टाकलं.

मनात म्हटलं, पोरगी बिचारी मालकाला घाबरत असेल, तिच्याच्याने बोलवत नसेल. मी दोन शब्द बोलले तर तिचंच भलं होईल. हे मी खरंच मनात म्हटलं होतं. आता वाचताना ते कितपत खरं वाटतं, मला सांगता येत नाही.

दुकानात गर्दी. सून काउंटरमागे, गळ्यात ओळखपत्र, एका म्हाताऱ्या गृहस्थांना फोनमधली अक्षरं मोठी करून देत होती. मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मी सरळ मालकाच्या टेबलापाशी गेले. गोरागोमटा, गुळगुळीत दाढीचा माणूस, बोलायला मऊ.

"काकू, काय तक्रार आहे?"

मी सांगितली. त्याने फोन पाहिला, कामावरच्या दोघांना दाखवला. कुणाला काही दिसेना. मग त्याने शोकेसमधला दुसरा फोन, मोठा, महागातला, माझ्या हातात दिला. मी डावा डोळा मिटला. त्यातही डाग! मी म्हटलं, "अहो, तुमच्या दुकानातला एकूण एक माल दुय्यम आहे." भिंतीवर एका बाईचं भलंमोठं चित्र होतं जाहिरातीचं, तिच्या गालावरसुद्धा डाग. छपाईही धड करून घेत नाहीत.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मालक हसला नाही, पण आवाज चढवून म्हणाला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असा, "काकू, रागावू नका, पण तीन-तीन फोन खराब कसे असतील? मला वाटतं तुमच्याच डो—"

"सर!" सून काउंटरमागून बाहेर आली होती. "सर, चूक माझी आहे. पहिला पीस परत आलेल्या खोक्यांतला होता. मी न बघता उचलला. दुसऱ्याचंही सील मी तपासलं नव्हतं."

सगळं दुकान तिच्याकडे बघायला लागलं. मालक म्हणाला, "तू? एवढ्या वर्षांत कधी—"

"हो सर. माझीच चूक."

मी म्हटलं, "बघा! म्हणत नव्हते मी?" एवढ्या लोकांसमोर म्हटलं. देवा.

मालकाने तिला ओळखपत्र काढून द्यायला सांगितलं आणि वरच्या गोदामात जायला सांगितलं. काउंटरचं काय करायचं ते महिनाअखेरीस बघू, म्हणाला. ती जिन्याने वर गेली. माझ्याजवळून जाताना म्हणाली, "आई, घरी जाताना रस्ता बघून ओलांडा. सिग्नलपाशीच ओलांडा."

मी जिंकून घरी आले आणि पिशवीत भाजी नव्हती. दिवसभर धुतलेलीच भांडी पुन्हा धुतेय. जिंकल्यावर असं होत नाही कधी.

९ मार्च, रविवार

मुलगा माझ्याशी बोलत नाही. सून बोलते. तेच जास्त लागतं.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ती म्हणते, परत आलेला पीस तिने उचलला. ठीक. मग शोकेसमधल्या फोनला डाग कसा? तो तर तिने उचलला नव्हता. यांना विचारलं, तर पेपरवरून डोळे न काढता म्हणाले, "तू विचार करतेयस ना? कर. कर विचार."

१३ मार्च, गुरुवार

न्हाणीघराच्या फरशीची रेघ वाकडी आहे. एवढ्या वर्षांत लक्षात कशी आली नाही? स्वयंपाकघराच्या दाराची चौकट तर मध्येच पोट सुटल्यासारखी झाली आहे. वाळवी लागली असणार. सुताराला बोलावलं आहे.

या वहीच्या रेघाही धड छापलेल्या नाहीत. हल्ली दर्जा म्हणून कशाला उरलेला नाही.

१५ मार्च, शनिवार

सुतार आला होता.

चौकटीवरून हात फिरवला, ठोकून पाहिली. "काकू, लाकूड ठणठणीत आहे. कुठे वाकलंय म्हणता?"

"अहो, मध्ये. इथे. पोट आलंय तिला."

त्याने वाद घातला नाही. पिशवीतून ओळंबा काढला. दोरी, आणि दोरीच्या टोकाला पितळी वजन. स्टुलावर चढून वर खिळ्याला दोरी अडकवली आणि वजन खाली सोडलं. हलायचं थांबेपर्यंत आम्ही दोघं थांबलो. "आता बघा. दोरी आणि चौकट वरून खालपर्यंत एकमेकींना धरून आहेत की नाही?"

मी डावा डोळा मिटला.

चौकट वाकडी होती. आणि तिच्या शेजारी दोरीही वाकडी होती. त्याच जागी, तेवढीच.

चौकट वाकेल. भिंत वाकेल. वजन लटकवलेली दोरी वाकत नाही. तिला वाकताच येत नाही. हे मला कुणी शिकवायला नको.

मी डावा डोळा उघडला आणि उजव्यावर तळहात ठेवला. दोरी सरळ. हात काढला, डावा मिटला. दोरी वाकडी, आणि मध्यावर तो डाग. फोनवरचा. जाहिरातीतल्या बाईच्या गालावरचा.

"दिसली ना सरळ?" सुताराने विचारलं.

"दिसली," मी म्हटलं. "चौकट चांगली आहे. तुम्हाला उगीच हेलपाटा घातला."

त्याला चहा दिला. तो गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

१६ मार्च, रविवार

घरभर फिरले. भिंतीवरचं घड्याळ, कॅलेंडर, पंख्याचा मधला गोल. उजव्या डोळ्याला सगळ्यांचा मध्य खाल्लेला. दोन्ही डोळे उघडे असले की डावा सांभाळून घेतो, म्हणून इतके दिवस कळलं नाही. मी नीट बघायला जायचे तेव्हाच चुकीचं बघायचे.

मला कळलं आहे. मी कुणाला सांगितलेलं नाही.

सांगायचं तर काय? की जी बाई कपातला टोचा दहा हातांवरून दाखवायची, तिला स्वतःच्या डोळ्यातला दिसला नाही? आज सकाळी हे म्हणाले, "दुर्बीणबाई, माझा चष्मा कुठे ठेवलाय तो शोधा." मी शोधून दिला. रोज हाक मारतात तशीच मारली, पण मला चटका बसल्यासारखं झालं. डोळा गेला तर माझ्याकडे काय उरतं? जीभ. ती तर सगळ्यांना माहीत आहे.

आणि पोरगी गोदामात आहे. हे लिहूनसुद्धा मी गप्प आहे. मला माझी किळस येते.

१९ मार्च, बुधवार

सून घरी आली ती शिंकतच. गोदामात खोक्यांची धूळ. केसांना थर्माकोलचे दाणे चिकटलेले. काउंटरवर आता दुसरी मुलगी बसते, असं तिने मुलाला आत सांगितलं. दार लोटलेलं होतं, तरी ऐकू आलं. कान चांगले आहेत माझे. महिनाअखेरीस बहुतेक नको म्हणतील, असंही म्हणाली. मुलगा म्हणाला, "मी सांगतो आईला." ती म्हणाली, "अजिबात सांगायचं नाही. त्यांच्या जिवाला लागेल. शुक्रवारी डॉक्टरांकडे तेवढं जाऊन येऊ."

स्वतःच्या शिंकांबद्दल बोलत असणार.

तिच्यासाठी आलं घालून चहा केला. कप तिच्यापुढे ठेवला आणि तोंड उघडलं. म्हटलं, "साखर कमी पडली तर सांग." एवढंच निघालं तोंडातून. शेळपट मी.

२१ मार्च, शुक्रवार

यांना नाटक करता येत नाही. सकाळपासून डोळे चोळत होते. "अगं, माझे डोळे दाखवायचेत, तू सोबत चल. जमलं तर तुझेही बघतील." मी काही बोलले नाही, साडी बदलली. माझ्या न बोलण्यानेच हे घाबरले. रिक्षात दोनदा विचारलं, "बरी आहेस ना?"

डॉक्टर तरुण बाई. यांना खुर्चीवर बसवायचं नाटकसुद्धा तिने केलं नाही. मला बसवलं. चौकोनी रेघांचा कागद हातात दिला, मध्ये ठिपका. "एक डोळा झाका आणि कसं दिसतंय सांगा."

"वाकडं," मी म्हटलं. "आणि ठिपका दिसत नाही. तिथे डाग आहे."

दवाखान्यात यांनी माझा हात धरला. चारचौघांत यांनी हात धरल्याचं मला आठवत नाही.

डॉक्टर म्हणाली, डोळ्याच्या आत मागच्या बाजूला, जिथून मधलं दिसतं, तिथे पाणी साठलं आहे. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील. गेलं ते पूर्ण परत येईल असं नाही, पण पुढे जाणं थांबवता येईल. डाव्या डोळ्यावरही लक्ष ठेवावं लागेल. मी इंजेक्शन डोळ्यात म्हणजे नक्की डोळ्यात का, एवढंच विचारलं.

मग ती कागद आवरत म्हणाली, "तुमच्या सूनबाई हुशार आहेत हं. मला फोनवरच सगळं नीट सांगितलं त्यांनी. फोन उलटा केला तरी डाग जागचा हलत नाही, कोपऱ्यात बघितलं की कोपऱ्यात जातो. मी तेव्हाच म्हटलं होतं, लगेच घेऊन या. तर म्हणाल्या, त्यांना दुखवून नाही आणणार, थोडे दिवस द्या."

"कधी केला होता तिने फोन?"

डॉक्टरने वही चाळली. "पाच तारखेला."

पाच. आणि मी दुकानात गेले आठला.

म्हणजे त्या दिवशी दुकानात तिला माहीत होतं. मालक "तुमच्याच डो—" म्हणाला, आणि लोक हसायला लागले होते, आणि ती पळत बाहेर आली होती. मला वाटलं, चोर पकडला. ती मला झाकायला आली होती. स्वतःची नोकरी काढून पांघरुणासारखी माझ्या अंगावर टाकली तिने, भर दुकानात, आणि मी म्हटलं, "बघा! म्हणत नव्हते मी?"

घरी येताना यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"तिने शपथ घातली होती गं."

रडले. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं.

२२ मार्च, शनिवार

पुन्हा त्या दुकानात गेले. मुद्दाम शनिवारीच, गर्दी असते म्हणून. हे म्हणाले, येऊ का? म्हटलं, घाण माझी आहे, मीच काढते.

मालकाने मला पाहिलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. दोन्ही डोळ्यांनी बघितलं तरी वाकडंच होतं ते.

"काकू, आता काय?"

"तुमचे फोन चांगले आहेत," मी म्हटलं. "तिन्ही चांगले होते. डाग माझ्या डोळ्यात आहे. हा डॉक्टरचा कागद."

"अहो, इथे नको, आत या ना—"

"त्या दिवशी इथे बोलले. आजही इथेच बोलणार." आवाज फाटला माझा. काउंटरवरची नवी मुलगी, गिऱ्हाईकं, सगळी बघत होती. "माझ्या सुनेने परत आलेला माल उचलला नव्हता. कुठल्याही सीलची चूक केली नव्हती. तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या डोळ्यांचा विषय काढणार होतात, म्हणून ती मध्ये पडली. मी तिला घरीही बोलले होते, इथेही बोलले. मला शरम वाटते."

मला वाटलं होतं, आता तो तिला खाली बोलावेल, ओळखपत्र देईल. माणसाला वाटतं, एकदा नाक घासलं की हिशेब मिटला. तो कागद वाचत बसला. मग म्हणाला, "काकू, तुमचं वाईट वाटलं. पण म्हणजे ती माझ्याशी खोटं बोलली. खोटं बोलणारी मुलगी काउंटरवर कशी ठेवू?"

मी उभी राहिले. जायला पाहिजे होतं, गेले नाही. मग म्हटलं, "तुमची आई असती तिथे, आणि लोक हसत असते, तर तुमच्या बायकोने काय करावं असं वाटलं असतं तुम्हाला?"

त्याने कागद घडी घालून मला परत दिला. सोमवारी बघू, म्हणाला.

बाहेर पडले तर जिन्याच्या पायरीवर सून उभी. केसांत थर्माकोल. तिने सगळं ऐकलं होतं. मी रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, तिच्यापुढे हात जोडले. तिने ते झटकन धरून खाली केले. "आई, नका ना. लोक बघतायत."

"बघू दे. मी त्यांना पुष्कळ दिवस बघितलं."

ती हसली आणि मग तिचे डोळे भरले. मला सिग्नलपर्यंत सोडायला आली. माझ्या उजव्या बाजूने चालत होती. आता लक्षात आलं, गेला पंधरवडाभर ती माझ्या उजव्या बाजूनेच चालते आहे.

२५ मार्च, मंगळवार

पहिलं इंजेक्शन झालं. हो, डोळ्यातच. वाटलं होतं त्याहून कमी दुखलं. सुई टोचायच्या आधीची भीतीच जास्त दुखते.

मालकाने काल सुनेला खाली बोलावलं. जुना काउंटर नाही दिला. तक्रारींचा दिला, परत आलेल्या मालाचा. तिथे सगळे भांडायलाच येतात. म्हणाला म्हणे, "तू सासूला सांभाळलंस, आता कुणालाही सांभाळशील." ओळखपत्र परत मिळालं. मुलाला हे काम कमीपणाचं वाटतं. ती म्हणते, बसायला खुर्ची आहे आणि धूळ नाही.

मला हे पुरेसं वाटत नाही. तिचं होतं ते मी घालवलं, आणि मिळालं ते त्याहून उणंच आहे. ते उणं माझ्या नावावर राहू दे.

३० मार्च, रविवार

सकाळी सून तो पहिला फोन घेऊन आली. निळा. सील फुटल्यामुळे नवा म्हणून विकता येईना, शोकेसमागे पडून होता. खोकं तेच. चार्जरची वायर तिने त्या दिवशी गुंडाळून ठेवली होती, तशीच.

हे आणि मुलगा खुर्च्या ओढून बसले. सुनेने न सांगता धुतलेला टॉवेल अंथरला, ट्यूबलाइट लावली, फोन मध्ये ठेवला.

"घ्या आई. तपासा."

"अगंबाई, कशाला गं," मी म्हटलं. सगळे हसले. मुलगासुद्धा, त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

मग सवयीने डावा डोळा मिटायला निघाला. मी त्याला थांबवलं. उजव्यावर तळहात ठेवला आणि डाव्याने वर बघितलं. ती समोरच उभी होती, उजेडात, माझ्याकडे वाकून. तिला मी या डोळ्याने अशी निरखून कधी पाहिलीच नव्हती. हनुवटीवर बारीक तीळ आहे. आणि नाक सरळ आहे. वरपासून खालपर्यंत, ओळंब्यासारखं सरळ. लग्नाआधीपासून मी ते वाकडं धरून बसले होते. तेव्हा डोळा वाकडा होता की नजर, कोण जाणे.

"कुठे काही दोष नाही," मी म्हटलं.

"आई," ती म्हणाली, "फोन अजून चालू कुठे केलाय?"